बागेचं काम: कोणाकडून काय करून घ्यायचं

बंगल्याभोवती बाग करायची म्हटलं की बोलणं झाडांपासून सुरू होतं. प्रत्यक्षात झाडं शेवटी येतात. त्याआधी जमीन खणणारा, ढाळ देणारा, पाईप टाकणारा, माती पुरवणारा असे सहा-सात जण त्या जागेवर येऊन गेलेले असतात, आणि दोन पावसाळ्यांनंतर बाग कशी दिसणार हे त्यांच्या कामावर ठरून गेलेलं असतं. बिघाड बहुतेक वेळा कोणा एकाच्या कामात सापडत नाही. एकाने काम संपवलं आणि दुसऱ्याने सुरू केलं, त्या मधल्या जागेत तो असतो. गवंड्याने फरशी बसवल्यावर प्लंबरला पाईप पलीकडे न्यायची आठवण होते. माळ्याला चांगली माती मिळते, पण तिच्याखाली बांधकामाचा राडारोडा तसाच असतो.

म्हणून हे मार्गदर्शन माणसांच्या क्रमाने लिहिलं आहे: कोण कधी येतो, त्याच्याकडून काय करून घ्यायचं आणि तो जाण्याआधी काय तपासायचं. डोळ्यासमोर पुणे-नाशिक पट्ट्यातला, मुरमाच्या जमिनीवरचा बंगला आहे, भोवती साधारण ३,००० चौरस फूट मोकळी जागा. सोसायटीच्या बागेलाही हाच क्रम लागू पडतो, फक्त आकडे वाढतात.

आराखडा करणारा

वास्तुविशारदांची नोंदणी १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे होते. लँडस्केप आर्किटेक्चर हा त्यापुढचा पदव्युत्तर अभ्यास आहे. पुण्यात भानुबेन नानावटी महाविद्यालयात, अहमदाबादला सेप्टमध्ये, दिल्लीला स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये तो शिकवला जातो. ‘लँडस्केपिंग’ अशी पाटी मात्र कोणीही लावू शकतो. पाटीमागचा माणूस मूळचा नर्सरीवाला असेल तर झाडांत तो पक्का असतो, पण पाण्याचा निचरा आणि भिंतींचे पाये त्याच्याकडून अपेक्षित धरू नका. मूळचा बांधकाम कंत्राटदार असेल तर नेमकं उलट. पहिल्या भेटीतच विचारा: तुमच्याकडे लेव्हल (जमिनीच्या उंच-सखलपणाची मापं) कोण काढतं, आणि लागवडीची यादी कोण करतं? दोन्हींना एकाच माणसाचं नाव आलं, तर त्याने पूर्ण केलेली आणि किमान एक पावसाळा पाहिलेली बाग प्रत्यक्ष जाऊन बघा. शक्यतो जुलै-ऑगस्टमध्येच बघा, पाणी कुठे साचतं ते तेव्हाच दिसतं.

सपाट जागेवर चार वाफे आणि एक लॉन एवढंच काम असेल, तर चांगला कंत्राटदार आणि चांगला माळी पुरे. जमिनीत चार फुटांहून जास्त चढउतार असेल, राखण भिंत (मागची माती धरून ठेवणारी) बांधायची असेल, गच्चीवर किंवा पार्किंगच्या स्लॅबवर बाग हवी असेल, तर रीतसर आराखडा करून घ्याच.

आराखडा म्हणजे संगणकावरची रंगीत चित्रं नव्हेत. ती पाहून काम होत नाही. पैसे द्यायचे ते या नकाशांसाठी: जागेच्या आजच्या लेव्हल (दर तीन मीटरवर एक बिंदू), काम झाल्यावरच्या लेव्हल, पावसाच्या पाण्याचा मार्ग आणि चेंबर, फरसबंदीचे थर दाखवणारा छेद, पाण्याच्या आणि विजेच्या लाईन, आणि लागवडीचा नकाशा. लागवडीच्या यादीत प्रत्येक झाडाचं शास्त्रीय नाव, पिशवीचा आकार, उंची आणि संख्या हवी. नुसतं ‘पाम – १२ नग’ असं लिहिलं की ट्रकमधून काय उतरेल याचा भरवसा नाही. चालू कामावर आराखडाकाराने किती वेळा यायचं तेही करारात लिहा. फक्कीने आखणी झाल्यावर, ढाळ दिल्यावर आणि झाडं खड्ड्यांत ठेवल्यावर (माती लोटण्याआधी) अशा तीन वेळा तर यायलाच हवं.

आराखडा आणि काम एकाच संस्थेकडे देणं सोयीचं असतं; ‘नकाशात तसं नव्हतं’ हे उत्तर ऐकावं लागत नाही. अडचण एकच: मोजमाप करणारा आणि बिल लावणारा एकच होतो. अशा वेळी मोजमापाच्या दिवशी तुमच्या बाजूने घराचा सिव्हिल इंजिनियर उभा करा.

सुपरवायझर

मालकाशी गोड बोलणारा भागीदार रोज साइटवर येणार नसतो. येतो तो सुपरवायझर, आणि बागेचा दर्जा त्याच्यावरच ठरतो. करार करण्याआधी त्याला भेटा. त्याच्याकडे एका वेळी किती कामं आहेत हे विचारा. दोनपेक्षा जास्त असतील, तर खणाई, निचरा आणि माती भरण्याच्या दिवसांत तो पूर्णवेळ तुमच्याकडे राहील असं लिहून घ्या. बाकीचे दिवस तो सकाळ-संध्याकाळ फिरकला तरी चालतं.

अंदाजपत्रकात ‘माती भरणे – एकरकमी’ अशी ओळ दिसली तर ती बदलून घ्या. माती, मुरूम, खडी यांचा हिशेब ब्रासमध्ये होतो आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. समजा १,५०० चौरस फुटांवर दीड फूट माती हवी आहे. १,५०० × १.५ = २,२५० घनफूट, म्हणजे साडेबावीस ब्रास. पण हा दबल्यानंतरचा आकडा आहे. सुटी माती पाणी मारल्यावर बसते, त्यामुळे पाचव्या हिश्श्याइतकी जास्त धरून २७-२८ ब्रास मागवावी लागते. बिल गाडीतल्या मापाने की जागेवरच्या मापाने, हे आधी ठरलेलं नसलं की याच फरकावरून भांडण होतं. गाडीतल्या मापाने ठरलं असेल तर रिकामी करण्याआधी फाळक्याच्या आतली लांबी, रुंदी आणि मातीची सरासरी उंची टेपने मोजा आणि चलनावर लिहा.

पैसे टप्प्यांत द्या. १५ ते २० टक्के उचल, त्यापुढे खणाई-निचरा झाल्यावर, फरसबंदी झाल्यावर आणि लागवड झाल्यावर असे तीन हप्ते, आणि १० टक्के रक्कम पहिला पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवा. पाणी साचणं, फरशी खचणं आणि मुळं कुजणं ही तिन्ही दुखणी पावसातच उघडी पडतात. एप्रिलमध्ये सगळं चुकतं करून मोकळं झालात, तर जुलैत फोन उचलायला कोणी नसतो.

कामावरच्या माणसांचंही बघा. पिण्याचं पाणी, शौचालय, सावली, दगड उचलणाऱ्यांना हातमोजे, गमबूट ही जबाबदारी कंत्राटदाराची, पण जागा तुमची आहे. वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवता येतं आणि त्यासाठी ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. तो द्यायला टाळाटाळ करणारा कंत्राटदार बाकीच्या कागदांतही टाळाटाळ करतो.

जेसीबीवाला

तो तासावर येतो, म्हणून सगळ्यांना घाई होते. तो येण्याआधी तीन गोष्टी झालेल्या असाव्यात: फक्कीने आखणी, जमिनीखालून गेलेल्या केबल आणि पाईपवर खुणा, आणि ठेवायच्या झाडांभोवती दोरी. दोरी खोडाला लागून नको. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथपर्यंत हवी. त्या घेरात यंत्र फिरलं की माती घट्ट होते, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड वर्ष-दोन वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं. तोवर जेसीबी कोणाच्या लक्षातही राहिलेला नसतो. झाड तोडायचं किंवा हलवायचंच असेल, तर शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्या. झाड आपल्या आवारात असलं तरी ती लागते.

नव्या घराभोवतीच्या जमिनीत सिमेंटचा चुरा, विटांचे तुकडे, टाइलच्या कपच्या, प्लॅस्टिक असं सगळं दडलेलं असतं. वर सहा इंच लाल माती पसरली की ते दिसत नाही, पण सिमेंट-चुन्याने जमीन विम्ल (अल्कधर्मी) होते, झाडाला लोह उचलता येत नाही, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग माळी खतांवर खतं देत बसतो. लागवडीच्या जागेतला राडारोडा किमान दोन फुटांपर्यंत काढून गाडीने बाहेर पाठवा. कंपाउंडच्या कोपऱ्यात पुरू देऊ नका, झाडं बहुधा त्याच कोपऱ्यात लागतात. मूळची चांगली माती असेल तर वरची सहा ते नऊ इंच आधी खरवडून वेगळी रचून ठेवा.

खणून झालं की यंत्र सोडण्याआधी पाण्याची परीक्षा घ्या. मोठ्या झाडाच्या एका खड्ड्यात फूटभर पाणी भरा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते जिरलं नसेल, तर खाली कातळ किंवा घट्ट मुरूम आहे. असा खड्डा पावसाळ्यात भरलेला राहतो आणि झाड बुडून मरतं. तळ अजून फोडून घ्या, नाहीतर खड्ड्याच्या तळातून उताराच्या दिशेने चर काढून खडी भरा. हे काम यंत्र जागेवर असताना तासाभराचं असतं. नंतर ते टिकाव-फावड्याने करावं लागतं.

गवंडी

गवंड्याला पहिला प्रश्न विचारायचा तो ढाळाचा. घराची जोती ही पक्की खूण धरा. बागेची तयार पातळी तिच्यापेक्षा किमान सहा इंच खाली हवी, नाहीतर ओल भिंतीत चढते. तिथून पाणी घराबाहेर वाहायला हवं. फरसबंदीला ८० ला १ ढाळ पुरतो, म्हणजे १० फुटांत दीड इंच. लॉनला थोडा जास्त, ५० ला १, म्हणजे १० फुटांत साधारण अडीच इंच. सपाट दिसावं म्हणून लॉनला ढाळच न देणं ही फार नेहमीची चूक आहे. अडीच इंच डोळ्यांना दिसत नाहीत, पण पाण्याला पुरतात. ढाळ पाणसळीवर सोडू नका, लांब अंतराला पारदर्शक नळीत पाणी भरून किंवा डंपी लेव्हलने (तिपाईवरच्या दुर्बिणीच्या उपकरणाने) तपासा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की माप चुकतं, म्हणून दोन्ही टोकं एकत्र धरून पाणी समान येतंय ना ते आधी बघायचं.

पायवाटेचे थर असे: चोपलेली जमीन, त्यावर सहा ते नऊ इंच दगडी सोलिंग हाताने रचून आणि फटी मुरमाने भरून, तीन-चार इंच १:४:८ काँक्रीट (सिमेंट:वाळू:खडी), त्यावर १:६ मसाल्यात (सिमेंट:वाळू) फरशी. शहाबाद फरशी खरबरीत घ्या. पॉलिश केलेली पावसात शेवाळून घसरते. पेव्हर ब्लॉक बसवायचे तर पायी चालण्याच्या जागी ६० मिलिमीटर आणि गाडी जाते तिथे ८० मिलिमीटर जाडीचे. ब्लॉकखाली काँक्रीट नको. थरथर करून चोपलेला मुरूम आणि खडी, वर एक ते दीड इंच भरड वाळू. ब्लॉक खचण्याचं कारण जवळजवळ नेहमी दोनपैकी एक असतं: मुरूम एकदम फूटभर टाकून वरवर चोपलेला असतो, नाहीतर कडेला काँक्रीटचा कर्ब नसल्याने ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात आणि फटींतली वाळू निघून जाते. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून, रोलरने किंवा धुमसाने दाबायचा. गाडीच्या वाटेवर हाताचा धुमस पुरत नाही.

राखण भिंतीत दर चार-पाच फुटांवर तीन किंवा चार इंची पाईपची भोकं ठेवा, बाहेरच्या बाजूला उतरती, आणि आत भिंतीला लागून फूटभर रुंद खडीचा पट्टा भरा. मातीपेक्षा मातीत अडकलेलं पाणी भिंत ढकलतं. तीन फुटांहून उंच भिंतीचा पाया आणि लोखंड स्ट्रक्चरल इंजिनियरकडून काढून घ्या, गवंड्याच्या अंदाजावर बांधू नका. कोकणात जांभ्याचे चिरे वापरतात, तो दगड पाणी पितो आणि निचऱ्याला मदत करतो; तरी भोकं तिथेही लागतातच, पाऊसही तिथे तितकाच जास्त.

काँक्रीटला आणि मसाल्याला किमान सात दिवस पाणी मारायचं. एप्रिल-मेच्या उन्हात ओली पोती टाकून दहा दिवस. पाणी कोण मारणार, त्याचं नाव ठरवा. रविवारी कामगार नसतात आणि त्याच दिवशी काँक्रीट वाळतं.

प्लंबर आणि वायरमन

प्लंबर गवंड्याच्या आधी आला पाहिजे, आणि फरशीनंतर पुन्हा एकदा. आधी येऊन त्याने पावसाच्या पाण्याची चेंबरं, जाळ्या आणि पाईप टाकायचे आणि प्रत्येक पायवाटेखालून, ड्राइव्ह-वेखालून चार इंची पीव्हीसीचा रिकामा तुकडा आडवा ठेवायचा. त्याला स्लीव्ह म्हणतात. आज गरज नसली तरी ठेवा, दोन्ही टोकं बंद करून आणि आत दोरी ओवून. पाईपच्या या तुकड्याची किंमत पुढे फरशी फोडण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. ज्याला पुढे कधीही ठिबकची नळी किंवा दिव्याची केबल न्यायची आहे, त्याच्यावर हा मोठा उपकार असतो.

चेंबरची जाळी भोवतालच्या तयार पातळीपेक्षा अर्धा इंच खाली हवी. गवंडी आणि प्लंबर यांच्यात बोलणं झालं नसेल, तर ती वर राहते आणि पाणी जाळीच्या शेजारी तळं करून थांबतं.

पाणी देण्याचे निदान तीन भाग करा: लॉन, झुडपं आणि कुंड्या, प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह. लॉनला स्प्रिंकलर किंवा पॉप-अप (पाणी सुरू झालं की जमिनीतून वर येणारा फवारा), झुडपांना १६ मिलिमीटरची इनलाइन (आतच ड्रिपर बसवलेली) ठिबक नळी. तासाला ४ लिटरचे ड्रिपर ४० सेंटिमीटरवर असले, तर एका बाजूने पाणी देताना नळी ५० मीटरच्या पुढे नेऊ नका. शेवटच्या झाडांना दाब उरत नाही. सुरुवातीला गाळणी आणि टोकाला उघडता येणारं बूच हवंच. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ड्रिपर चोंदतात, म्हणून महिन्यातून एकदा बूच उघडून नळी धुवायची.

पाण्याचा हिशेब आधी करा. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. उन्हाळ्यात लॉनला दिवसाला पाच मिलिमीटर धरलं, तर १,००० चौरस फुटांना (९३ चौरस मीटर) रोज साधारण ४६५ लिटर लागतं. एवढं पाणी मे महिन्यात नसेल तर लॉन लहान करा. हे लागवडीआधी ठरवायचं असतं, टँकर मागवायची वेळ आल्यावर नाही.

मातीआड जाण्याआधी लाईन दाबाखाली भरून रात्रभर ठेवा, सांधे बघा, आणि प्रत्येक वळणाचा टेप शेजारी ठेवून फोटो काढा.

वायरमनचं काम थोडक्यात: आर्मर्ड केबल दोन ते अडीच फूट खोल, वर विटा किंवा धोक्याची पट्टी, उघड्यावरचे दिवे आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी), पाण्यातले आयपी ६८ आणि कमी व्होल्टेजचे, आणि बागेच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच). शेवटच्या गोष्टीवर काटकसर करू नका. माळी ओल्या हातांनी, ओल्या जमिनीवर काम करतो.

गच्चीवर बाग हवी असेल तर

इथे पहिला माणूस स्ट्रक्चरल इंजिनियर. ओल्या मातीचं एक घनफूट साधारण ५० किलो भरतं. फिरण्यासाठी मोकळी असलेली गच्ची भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण १५० किलो भारासाठी योजतात, म्हणजे चौरस फुटाला जेमतेम १४ किलो. फूटभर मातीचा सपाट वाफा त्याच्या तिपटीहून जास्त झाला. इंजिनियरने लेखी सांगितल्याशिवाय माती चढवू नका; तो परवानगी देईल तिथे, बहुधा तुळई आणि भिंतींच्या डोक्यावर, हलकं कोकोपीटचं मिश्रण वापरा.

वॉटरप्रूफिंगवाल्याचं काम झालं की त्याच्यासमोर ७२ तास पाणी कोंडा आणि खालचं छत बघा. त्यावर संरक्षक मसाला, मुळं अडवणारा थर, ड्रेन सेल (पाणी वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या जाळ्या), जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी सोडणारं कापड) आणि मग माती. माळ्याला पहार आणि कुदळ गच्चीवर नेऊ देऊ नका, खुरपं पुरे.

मातीवाला

माती मागवण्याआधी गाडीभर नमुना नको, घमेलंभर आणवा. ओल्या मातीचा मुठीत गोळा करा आणि बोटाने दाबा. फुटला तर चांगली. चिकटून लांब वळी झाली तर काळी चिकण जास्त आहे, जी पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. लॉनसाठी ६० टक्के लाल माती, २० टक्के भरड वाळू आणि २० टक्के कुजलेलं शेणखत हे मिश्रण या पट्ट्यात चालतं. झुडपांना वाळू कमी आणि खत थोडं जास्त. शेणखत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं आणि हात घातल्यावर गार लागलं पाहिजे. गरम असेल तर ते अजून कुजतंय. मुळं भाजतात आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर गाडी परत पाठवा. मिश्रणात १०० चौरस फुटांना एक ते दीड किलो निंबोळी पेंड घाला.

मातीतून येणारा खरा शत्रू लव्हाळा. त्याच्या गाठी जमिनीत राहतात आणि लॉनमधून वर निघालेला लव्हाळा उपटला की पान हातात येतं, गाठ खालीच. उपाय लॉन लावण्याआधीच करता येतो: माती पसरून, पाणी मारून तीन आठवडे तशीच ठेवा. लव्हाळा उगवेल. तो खुरप्याने गाठीसकट काढा, पुन्हा पाणी मारा, पुन्हा काढा. कंत्राटदार याला वेळ वाया घालवणं म्हणतो, म्हणून हे तीन आठवडे वेळापत्रकात सुरुवातीपासून लिहून घ्या.

मातीची खोली: लॉनला नऊ इंच ते फूट, झुडपांना दीड ते दोन फूट, झाडांना तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा. असा एक खड्डा २७ घनफुटांचा, म्हणजे चार झाडांना एक ब्रासहून थोडी जास्त माती.

नर्सरीवाला

पुण्याच्या बाजारात येणारी बरीच रोपं उरुळी कांचन परिसरातल्या नर्सऱ्यांतून आणि आंध्रातल्या कडियमहून येतात. लांबून ट्रकने आलेलं रोप लगेच उन्हात लावू नका; आठ-दहा दिवस अर्ध्या सावलीत, शक्यतो नर्सरीतच ठेवायला सांगा. मोठी झाडं स्वतः जाऊन निवडा आणि खोडाला रंगीत फीत बांधून या. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर आली असतील, किंवा वरच्या मातीत मुळं खोडाला वेटोळे घालत असतील, तर ते झाड कितीही उंच आणि हिरवं असलं तरी सोडून द्या. ते वेटोळं पुढे खोड आवळतं. १२ फुटी झाडापेक्षा निरोगी मुळांचं ६ फुटी झाड तीन-चार वर्षांत पुढे जातं.

बहावा, ताम्हण, कांचन, बकुळ, सीता अशोक, कदंब ही आपल्या हवेतली झाडं आहेत, नर्सरीत मिळतात आणि पक्षी-कीटकांना उपयोगी पडतात. लवकर दाट होतं म्हणून कोनोकार्पस घेऊ नका. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. वड-पिंपळाच्या कुळातलं काहीही पाण्याच्या टाकीजवळ नको. सप्तपर्णी खिडकीखाली नको, फुलांच्या दिवसांत तिचा उग्र वास अनेकांना सोसत नाही. कदंबासारखं मोठं होणारं झाड घरापासून १५-२० फुटांवर, लहान झाड कंपाउंडपासून पाच-सहा फुटांवर.

मिळालं नाही तर काय, हे यादीतच लिहा. ‘मिळेल ते’ असा मोकळा हात दिला की नर्सरीत जे पडून आहे तेच येतं.

लावणीची टोळी आणि माळी

झाडं लावायला उत्तम वेळ म्हणजे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावरचा जून-जुलै. त्यासाठी खणाई आणि गवंडीकाम मेअखेर संपलं पाहिजे, म्हणजे आराखडा जानेवारीत हातात हवा. लॉन ऐन मुसळधार पावसात लावू नका, माती वाहते आणि पायांखाली चिखल होतो. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा थंडी सरल्यावर फेब्रुवारी-मार्च बरा.

लावताना पिशवी कापून काढायची. ती फाडून आत सोडणारे मजूर असतात, म्हणून संध्याकाळी लावलेली झाडं आणि रिकाम्या पिशव्या मोजा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. खोड आणि मुळं जिथे मिळतात तो भाग तयार पातळीपेक्षा इंचभर वर राहू द्या, माती बसल्यावर तो बरोबर येतो. खोल लावलेलं झाड बुंध्याशी कुजतं. दोन बांबू मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या बाहेर ठोकून, सुतळीने इंग्रजी आठच्या आकड्यात सैल बांधा आणि वर्षाने काढून टाका. आळं खोडाला लागून नको, गोळ्याच्या कडेवर हवं. लावल्याबरोबर भरपूर पाणी, मातीतले बुडबुडे थांबेपर्यंत.

लॉनला रोज किमान पाच-सहा तास ऊन हवं. त्याहून कमी असेल तिथे कोणतंही नाव सांगून विकलेलं लॉन विरळ होतं. सावलीत दुसरी आच्छादनाची झाडं लावा. लॉनच्या चटया सांध्याला सांधा भिडवून, विटांसारख्या आडव्यातिडव्या मांडायच्या, वरून हलका रोलर. पहिले पंधरा दिवस माती ओलसर राहील इतकं दिवसातून दोनदा पाणी, मग हळूहळू कमी. पहिली कापणी तीन-चार आठवड्यांनी, पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कधीच नाही.

कायमचा माळी काम संपायच्या आधी दोन आठवडे कामावर घ्या. टोळी झाडं लावत असताना तो हजर असला, तर कुठे कातळ लागला, कुठला व्हॉल्व्ह कशाचा, कुठलं झाड गोळा फुटून आलं हे त्याला ठाऊक होतं. पुढचं वर्ष या माहितीवरच जातं. त्याची मजुरी तासांवर किंवा फेऱ्यांवर ठरवा, आणि कात्री, खुरपं, पाईप, फवारणी पंप, हातमोजे तुम्ही द्या. ३,००० चौरस फुटांच्या बागेला आठवड्यातून तीन फेऱ्या, प्रत्येकी दोन-अडीच तास पुरतात; पहिले तीन महिने रोज यावं लागतं. फवारणी करणाऱ्याला मास्क द्या आणि वारा असताना फवारणी करू देऊ नका.

मेलेली झाडं बदलून देण्याची अट सहा महिने ते वर्षाची ठेवा, पण पाणी कोण देणार हे त्याच कलमात लिहा. नाहीतर कंत्राटदार ‘पाणी मिळालं नाही’ म्हणतो, माळी ‘झाडच आजारी आलं होतं’ म्हणतो, आणि दोघांपैकी कोणालाही खोटं ठरवता येत नाही. यासाठी गेटजवळ एक वही लटकवा: तारीख, कुठल्या भागाला किती वेळ पाणी, काय फवारलं, काय वाळलं. माळी रोज दोन ओळी लिहील, सुपरवायझर महिन्यातून एकदा सही करील.

कंत्राटदाराकडून शेवटचा हप्ता देताना घ्यायचे कागद: प्रत्यक्ष टाकलेल्या पाईप-केबलचा नकाशा आणि ते टेपवाले फोटो, व्हॉल्व्हवर क्रमांकाच्या पत्र्याच्या पट्ट्या, मोटर-टायमर-दिव्यांची हमीपत्रं, लावलेल्या झाडांची अंतिम यादी, आणि फरशीच्या त्याच लॉटमधले पाच टक्के जादा नग. फरशीची तीच छटा वर्षभराने बाजारात सापडत नाही, म्हणून हे जादा नग मोजून घ्या आणि घराच्या मागच्या बाजूला, ओल न लागेल असे, उभे रचून ठेवा.